नेलपॉलिश लावलेले बोल्ट

फकिरा बेंडकुळेच्या दुकानावर पाटी होती, ‘मोडलेले बोल्ट काढून मिळतील’. नाशिकच्या पेठ रोडला, टपरीपेक्षा जरा मोठं आणि दुकानापेक्षा बरंच लहान असं ते पत्र्याचं खोपटं. विहिरीवरची डिझेल इंजिनं, मळणीयंत्रं, ट्रॅक्टरचे सुटे भाग असं काय काय घेऊन शेतकरी तिथं यायचे. बोल्टाचं डोकं तुटून धड आतच राहिलं की बाकीचे मिस्त्री हात झटकायचे आणि म्हणायचे, “जा फकिराकडं.”

एखादं नवखं गिऱ्हाईक कौतुकानं विचारायचं, “मिस्त्री, ही कला कुठं शिकले?”

“मोडून,” फकिरा म्हणायचा.

ऐकणाऱ्याला तो विनय वाटायचा. विनय कसला! पेठकडच्या डोंगरातला हा गडी आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यानं सात बोल्ट मोडले होते. भातखाचरं चिखलून कमावलेली मनगटं होती. ती मनगटं पान्यावर पडली की बोल्ट बिचारा फिरून फिरून शेवटी मान टाकायचा. फोरमननं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा फर्मान काढलं, “बेंडकुळे, मोडशील तो तूच काढायचा. काढल्याशिवाय घरी जायचं नाही.” त्यामुळे लग्नानंतरची पहिली दोन वर्षं फकिरा रोज उशिरा घरी यायचा. यशोदाबाई नवी नवरी. तिला वाटायचं, नवऱ्याला कसलातरी नाद लागलाय. दार उघडल्याबरोबर ती आधी वास घ्यायची. वास रॉकेलचा यायचा, मग ती ताट वाढायची.

“माणूस चुकांतून शिकतो म्हणतात,” फकिरा पुढं दुकानात बसल्यावर सांगायचा. “मी दोनेकशे चुकांतून एकच गोष्ट शिकलो. मोडलेला बोल्ट काढायचा कसा. मोडायचा कसा नाय, ते शिकायचं राहूनच गेलं.”

लोक हसायचे. तोही हसायचा. त्यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं आहे हे मात्र अजून त्यालाही नीटसं कळलं नव्हतं.

नव्व्याण्णव साली कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती काढली. फकिरानं ती घेतली आणि हे दुकान टाकलं. पण पहिल्याच वर्षी त्याच्या ध्यानात आलं की शेतकऱ्याच्या हाताला धीर नसतो. यानं इंजिन आवळून द्यावं, त्यानं घरी नेऊन स्वतः पाना लावून बघावं, आणि काही बिनसलं की परत येऊन म्हणावं, “मिस्त्री, तुमी आवळलंच नव्हतं.” कारखान्यात आवळलेल्या बोल्टावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायची पद्धत होती. ठिपका अर्धा बोल्टाच्या डोक्यावर, अर्धा खालच्या भागावर. बोल्ट जराही फिरला तर ठिपका फुटतो आणि चोरी उघडी पडते. फकिरानंही ठिपका द्यायचं ठरवलं. रंगाचा डबा आणला तर तो आठवडाभरात वाळून दगड झाला. तेव्हा कपाटात त्याला मुलीची, मीनाची, लाल नेलपॉलिशची बाटली सापडली. ती लग्न होऊन येवल्याला गेली होती, बाटली मागं राहिली होती. बारीक ब्रश झाकणालाच, दोन मिनिटांत वाळणार, पाण्यानं जाणार नाही, तेलानं जाणार नाही. फकिराला वाटलं, ही वस्तू बायकांसाठी केलीच नसावी, फिटरसाठीच केली असावी.

बाटली संपली तेव्हा तो स्वतः बांगड्यांच्या दुकानात गेला.

“कुठला रंग देऊ, काका?”

“लाल. लांबून दिसंल असा.”

“काकूंचा वर्ण कसाय? गोऱ्या असतील तर हा बघा.”

“बिडाचं इंजिन हाय,” फकिरा म्हणाला. “काळंकुट्ट.”

त्यानंतर नेलपॉलिश आणायला तो परत गेला नाही. यशोदाबाईच आणून द्यायची.

आता मुख्य गोष्ट. दोन हजार दोन सालचा एप्रिल. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक जीप दुकानासमोर थांबली. पुढून उतरले खंडेराव महाले, धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या करंजपाड्याच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. मागं गोणपाटात गुंडाळलेलं होडीचं इंजिन होतं आणि इंजिनावर हात ठेवून एक बाई बसली होती. ती लंकाबाई मौळे.

या सोसायटीच्या होडीला सव्वा वर्षापूर्वी इंजिन मिळालं होतं. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा. पाड्यावरून शहराकडच्या काठाला यायचं तर सडकेनं वीस किलोमीटरचा वळसा, आणि पाण्यावरून पंधरा मिनिटं. दुधाच्या किटल्या, शाळेचे मास्तर, बाजाराच्या बायका सगळं त्या होडीतून जायचं. इंजिन आलं जानेवारीत. तेव्हा पाड्यावरचे बापये झाडून दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला गेलेले. शिकवायला आलेल्या माणसानं विचारलं, “कोण चालवणार?” लंकाबाई चाळिशीची, लहानपणापासून वल्हं मारणारी. ती पुढं झाली. बापये परत आले तोवर ती तरबेज झाली होती. तेव्हापासून सुकाणू तिच्याकडं होतं, आणि तेव्हापासून खंडेरावांच्या पुतण्याला, दत्तूला, ते आपल्याकडं असावं असं वाटत होतं.

“मिस्त्री, हे बगा,” खंडेरावांनी गोणपाट बाजूला केलं. “चार बोल्टावर हा पाय बसतो. दोन मोडले. हिनं इंजिन खडकावर घातलं. पाणी उतरलंय, खडक वर आल्यात, दिसत नाय का?”

“खडकावर नाय घातलं,” लंकाबाई म्हणाली. “तुमाला चारदा सांगितलं. मधोमध हुते मी. तिथं पाणी दोन पुरुष खोल हाय. आदी इंजिन तापलं, मग पाय थरथराया लागला. मी बंद केलं आन वल्हवत आणली होडी. नऊ माणसं हुती, इचारा त्यांना.”

“नऊ माणसांना पाण्याखालचं दिसतं व्हय? बरं, खडक ऱ्हाऊ दे. हे काय हाय, मिस्त्री?”

खंडेरावांनी बोट ठेवलं. उरलेल्या दोन बोल्टांच्या डोक्यावर लाल ठिपके होते. चकचकीत, न फुटलेले.

“हा बायांचा नखाचा रंग हाय. माझ्या सुनेकडं हाय ना, मी वळखतो. नखाला लावला आन वाळायच्या आत इंजिन खोलाया बसली. आतमधी काय काय केलं असंल! बोल्ट काय उगंच मोडत्यात? सोमवारी सोसायटीची सभा हाय, तिथं सुकाणू बदलायचा ठराव घालायचाय. तुमी जाणकार हायेत म्हणून इचारतो. कंपनीवाले बोल्टाला नखाचा रंग लावत्यात का?”

फकिरानं ठिपक्याकडं पाहिलं. स्वतःची सही माणूस शंभरात ओळखतो. गेल्या दिवाळीनंतर हेच इंजिन त्याच्याकडं आलं होतं. पाड्यानं ते कंपनीच्या विक्रेत्याकडं दुरुस्तीला दिलं होतं, विक्रेत्यानं ते परस्पर फकिराकडं धाडलं, आणि हे पाड्यावर कुणालाच माहीत नव्हतं. पायाच्या आत इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा एक रबरी पंखा असतो, तो झिजला होता. फकिरानं होडीचं इंजिन जन्मात पहिल्यांदाच पाहिलं होतं, पण ‘मला येत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडात बसत नसे. त्यानं पंखा बदलला, पाय चढवला, चारी बोल्ट आवळले आणि ठिपके दिले.

“कंपनीवाले,” तो म्हणाला, “नाय लावत.”

“बगा!” खंडेराव लंकाबाईकडं वळले.

अगदी खरं बोलून असं शंभर टक्के खोटं बोलता येतं, हे फकिराला त्या दिवशी समजलं.

लंकाबाईनं दोन्ही हात पुढं पसरले. जाळ्याच्या दोरांनी चिरलेली बोटं, झिजून मासाला टेकलेली नखं. “ह्यांना रंग लावू मी? चेअरमनसाहेब, आदी नखं तरी उगवू द्या.”

जीपचा डायव्हर फिसकन हसला. खंडेराव तांबडे झाले. “ते सभेत बोला. मिस्त्री, सोमवार सकाळपावतर इंजिन पायजे. तुमच्यासारखा माणूस नाशकात दुसरा नाय, म्हणून तर इथवर आणलं. पाड्यावरचे समदे पंपसुद्धा तुमच्याकडंच येत्यात.”

ते शेवटचं वाक्य फकिराला अडवून बसलं. ‘ठिपका माझा आहे’ एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण इतकी स्तुती ताजी ताजी अंगावर पडलेली असताना ती झटकायची कशी? सांगू सावकाश, त्यानं स्वतःला समजावलं. आधी काम होऊ दे.

खंडेराव जीप घेऊन गेले. लंकाबाई गेली नाही.

“मी ऱ्हाते बहिणीकडं मखमलाबादला. रोज येणार. इंजिन उघडाल ते माझ्या म्होरं उघडा,” ती म्हणाली आणि दारातल्या टायरवर बसली. “उद्या म्हणाया नको, आनखी काय मोडलं.”

“बसा ना, ताई,” फकिरा म्हणाला आणि तिची पाठ वळताच फळीवरची नेलपॉलिशची रिकामी बाटली त्यानं ग्रीसच्या डब्यामागं सरकवली. मग वाटलं, डबा लागला तर बाटली दिसेल. म्हणून ती खिशात घातली. मग वाकताना ती खिशातून खणकन पडली, तेव्हा तिच्यावर पाय दिला आणि तिथून न हलता तो एका पायावर भार देऊन काम करत राहिला.

“पायाला काय झालं, भाऊ?” लंकाबाईनं विचारलं.

“वात,” फकिरा म्हणाला.

उरलेले दोन बोल्ट किंचाळत निघाले. पाय खाली उतरला. रबरी पंखा गाळानं खाल्ला होता, म्हणजे इंजिन तापलं ते त्यानं. तेवढं लंकाबाईचं म्हणणं सरळ निघालं. आता वरच्या भागात दोन मोडके तुकडे उरले. एक जोंधळ्याच्या दाण्याएवढा बाहेर डोकावत होता, दुसरा पार आत गेला होता.

बाहेर आलेल्या तुकड्यावर फकिरानं एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं. होडीच्या इंजिनाचं अंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, फक्त तुकड्याला धरतं. नवं डोकं फुटलं म्हणायचं. मग आजूबाजूचं अंग बत्तीनं शेकलं.

“एकात एक पेले अडकले की आमी वरून गरम पाणी वततो,” लंकाबाई बघत म्हणाली. “भायेरचा पेला फुगतो.”

“तेच हाय हे. पेलाच हाय.” फकिरानं मेणबत्ती घेतली आणि तापलेल्या बोल्टाच्या मुळाशी टेकवली. मेण वितळून आट्यांमधून आत ओढलं गेलं. त्यानं पाना लावला. थोडं मागं, थोडं पुढं, परत थोडं मागं.

“एका दमात का नाय फिरवत?”

“एका दमात फिरवायचं काम मी बावीस वर्षं केलं, ताई. म्हणून तर ही पाटी लावावी लागली.”

ती हसली. पुढं-मागं करत अर्ध्या तासानं तुकडा सुटला आणि फकिराच्या तळहातावर पडला. लंकाबाईनं मान डोलावली. त्याला बरं वाटलं. आता सांगून टाकावं, असा विचार त्याच्या मनात आलाही.

तेवढ्यात यशोदाबाई चहाची किटली घेऊन आली. घर मागच्याच गल्लीत होतं. दारात पाहुणी बघून तिनं तिच्या हातात कप दिला, मग पदराची गाठ सोडली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अहो, ही घ्या तुमची नेलपॉलिश. लालच आणलीय. ती बांगडीवाली विचारत होती, मिस्तरींना मॅचिंग टिकली पण देऊ का?”

फकिरानं बाटली घेतली नाही. यशोदाबाईनं ती फळीवर ठेवली. लंकाबाईनं कपातला चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायली. मग तिनं बाटली उचलून उजेडात धरली. काढलेल्या बोल्टाच्या ठिपक्याशेजारी धरली.

“वात गेला का, भाऊ, पायाचा?” तिनं विचारलं.

फकिरानं पाय उचलला. खाली जुनी बाटली होती.

“काय झालं?” यशोदाबाई गोंधळली. लंकाबाईनं तिला सगळं सांगितलं. शांतपणे, जसं घडलं तसं, एकही शिवी न घालता. ते ऐकणं शिवी खाण्यापेक्षा अवघड होतं. सांगून झाल्यावर ती फकिराकडं वळली. “सोमवारी तुमी येताय ना सभेला? का मीच ही बाटली घेऊन जाऊ?”

“येतो,” फकिरा म्हणाला. “ठिपका माझा म्हणून सांगतो. इंजिन तुमी खोललं नाय, हे त्यानंच सिद्ध होतं. ठिपका फुटलेला नव्हता.”

“मग झालं तर.” ती परत टायरवर बसली.

फकिराला हलकं वाटलं. फार काही बिघडलं नव्हतं. ठिपका देणं ही काही चूक नव्हती, उलट हुशारीच होती. सभेत सांगता येईल अशीच गोष्ट होती. दुपारभर तो शीळ घालत होता.

रविवारी दुसरा तुकडा. तो आत होता, त्याला नट धरेना. मग बरोबर मध्ये भोक पाडून उलट्या आट्यांची सळई घालायची, ती डावीकडं फिरवली की तुकड्यात रुतते आणि त्याला घेऊन बाहेर येते. फकिरानं भोक पाडलं, सळई घातली, पाना लावला. सळई रुतली. जोर दिला. ती किंचित पिळवटल्यासारखी वाटली. हीच ती वेळ, जेव्हा आजवर फकिरा दात-ओठ खाऊन आणखी जोर लावत आला होता. सळई आत मोडली असती तर इंजिन सोमवारी काय, दिवाळीपर्यंत झालं नसतं. त्यानं टायरवरच्या बाईकडं पाहिलं आणि हात काढून घेतला. पुन्हा शेक, पुन्हा मेण, पुन्हा मागं-पुढं. दुपारी दोनला तो तुकडा आला.

कारखान्यातला जुना सोबती सोमा याच्याकडून त्यानं नवे चार बोल्ट मागवले होते. सोमा ते घेऊन आला. फकिरानं काढलेला मोडका बोल्ट रॉकेलमध्ये धुतला आणि माप बघायला नव्याला आट्याला आटा लावून धरला.

दोन फण्या दाताला दात लावून धरल्यासारखे ते बसायला हवे होते. बसले नाहीत. पहिले तीन दात जुळले, मग जुन्याचे आटे लांब लांब होत गेले, मधे उजेड दिसायला लागला. आणि जिथं तो मोडला होता, तिथं त्याची मान बारीक झाली होती. पिठाचा गोळा दोन्हीकडून ओढला की मधे होतो, तशी.

“ओढलाय,” सोमा म्हणाला. “आवळून आवळून ओढलाय. कुणी आवळला रे हा? पान्याला पाईप लावून आवळला वाटतं.”

सोमा भोळा माणूस. त्याला उत्तर नको होतं. पण उत्तर समोरच्या कोपऱ्यात उभं होतं, हातभर लांबीचा लोखंडी पाईप, धरून धरून गुळगुळीत झालेला. खडकावर आपटलेला बोल्ट आडवा कापला जातो, त्याची मान अशी बारीक होत नाही. पंपाचं इंजिन बिडाचं असतं, धडधडतं, त्याचे बोल्ट सैल होतात. म्हणून फकिराचा नियम होता, पाईप लावून कचकन आवळायचं, आणि मग सप्तशृंगीचं नाव घेऊन वर आणखी एक पाव फेरा. देवीच्या नावाचा तो पाव फेरा त्यानं होडीच्या इंजिनालाही दिला होता, भक्तिभावानं, चारी बोल्टांना. बोल्ट त्याच दिवशी अर्धे मेले होते. उरलेले पाच महिने त्यांनी लंकाबाईच्या नशिबानं काढले.

लंकाबाई तेव्हा रसवंतीवर गेली होती. सोमा निघून गेला. म्हणजे हे आता फक्त फकिराला माहीत होतं.

तो हिशेब करत बसला. ठिपका माझा, एवढं सांगितलं की बाई इंजिन खोलण्याच्या आरोपातून सुटते. तेवढं कबूल केलंच आहे. पण मग खंडेराव म्हणणार, खोललं नाही, मग बोल्ट मोडले कशानं? खडकावरच घातलं. आणि सुकाणू दत्तूकडं जाणार. ते थांबवायचं तर म्हणायला हवं की बोल्ट मी मोडले. पाड्यावरच्या, शेजारच्या पाड्यावरच्या, सगळ्या पंपवाल्यांसमोर. ‘मोडलेले बोल्ट काढून मिळतील’ असं म्हणणारा माणूस आधी ते स्वतः मोडतो, हे स्वतःच्या तोंडानं.

रात्री जेवताना त्यानं यशोदाबाईला दोन्ही बोल्ट दाखवले. ती दिव्याकडं धरून बघत राहिली.

“एवढं काय त्यात?” ती म्हणाली. “तुम्ही तर गिऱ्हाइकाला रोज सांगता, मी मोडूनच शिकलो म्हणून. हसून सांगता.”

“ते गंमत म्हणून सांगतो गं.”

“मग उद्या खरं म्हणून सांगा.” तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली. “बावीस वर्षं ऐकतेय, माझं मनगट, माझं मनगट. आता त्या मनगटानं केलेलं सांगायला काय झालं?”

सोमवारी सकाळी सोमाकडून मागून आणलेला काट्याचा पाना फकिरानं वापरला. किती आवळलं ते त्यावर काटा दाखवतो. कारखान्यात असला पाना वापरणाऱ्याला फकिरा ‘मनगट नसलेला’ म्हणायचा. बोल्टांना ग्रीस लावलं, काटा खुणेवर आला की थांबला. थांबताना हात शिवशिवत होते. लंकाबाई शेजारी बसून काटा बघत होती.

“झालं?” तिनं विचारलं. “एवढंच?”

“एवढंच,” फकिरा म्हणाला. “मलाबी पटत नाय.”

पाड्यावर इंजिन होडीला चढवून झालं तेव्हा सभा जमली होती, काठावरच्या करंजाच्या झाडाखाली. तीसेक माणसं, बायका एका बाजूला. फकिराला खुर्ची दिली. चेअरमननी त्याची ओळख करून दिली, “नाशिकचे नामांकित मिस्त्री.” फकिराला वाटलं, हे एवढं तरी म्हणायला नको होतं.

“मिस्त्री, सभेला सांगा,” खंडेराव म्हणाले. “बोल्ट कशानं मोडले?”

फकिरा उभा राहिला. खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून त्यानं टेबलावर ठेवली. बायकांच्या बाजूला खुसफुस झाली.

“ही माझी हाय,” तो म्हणाला.

कुणीतरी मागून म्हणालं, “कुठल्या बोटाला लावता, मिस्त्री?”

“बोल्टाला लावतो. बोटाला लावली तर बायको घरात घेणार नाय.” हशा झाला. तो थांबेपर्यंत फकिरानं श्वास घेतला. “इंजिन आलं तवा ठिपका फुटलेला नव्हता, चेअरमनसाहेबांनीबी बघितलाय. म्हंजे मी लावल्यापासून इंजिनाला कुणी पाना लावलेला नाय. ह्या ताईंनी तर नायच. आता दुसरं.” त्यानं जुना बोल्ट आणि नवा बोल्ट पुढच्या माणसाच्या हातात दिले. “दात जुळवून बगा. पुढं द्या. समद्यांनी बगा. खडकावर आदळला असता तर आडवा तुटला असता. हा वढून वढून मान बारीक होऊन तुटलाय. वढला मी. पंपाचा बोल्ट समजून पान्याला पाईप लावला, वर देवीच्या नावानं पाव फेरा. बाईनं बोल्ट मोडले नाय. मीच मोडून दिले हुते. मोडके बोल्ट घेऊन हिनं पाच महिने होडी चालवली आन शेवटी नऊ माणसं काठाला आणली. काय मोडलं असंल तर ते माझ्या हातानं.”

बोल्ट हातोहात फिरत होते. दत्तूनंही दात जुळवून पाहिले आणि पुढं दिले. एक म्हातारा म्हणाला, “मंग आमच्या पंपालाबी असंच वढलंय का तुमी?”

“पंप बिडाचा हाय, त्याला चालतं,” फकिरा म्हणाला. मग जरा विचार करून, “बहुतेक.”

आता हशा मोठा झाला. खंडेराव हसले नाहीत. ते टेबलावरच्या बाटलीकडं बघत होते. त्यांच्या पुढच्या कागदावर ठराव आधीच लिहून तयार होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

“मिस्त्री, हे तुमी शनवारी का नाय सांगितलं? मी तुमाला तोंडावर इचारलं हुतं.”

“तुमी लय तारीफ केली हुती, चेअरमनसाहेब. तारीफ ऐकली की माझं तोंड आवळलं जातं.”

खंडेरावांनी ठरावाचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, “सुकाणू लंकाबाई मौळे यांच्याकडंच ऱ्हावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

बायकांचे हात आधी गेले, मग बापयांचे, एकेक करत. फकिराचाही गेला.

“तुमी सभासद नाय, मिस्त्री,” खंडेराव म्हणाले.

फकिरानं हात खाली घेतला. खंडेराव हात मोजू लागले. एकोणीसवर आले तेव्हा पाण्याकडून इंजिनाचा आवाज आला, भरलेला, न थरथरणारा. सगळ्यांनी माना वळवल्या. दुधाच्या किटल्या सकाळपासून काठावर तापत होत्या. लंकाबाईला सभेचा निकाल लागेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. ती किटल्या आणि शाळेचे मास्तर घेऊन निघाली होती.

“लिहा, बहुमतानं मंजूर,” खंडेराव चिटणिसाला म्हणाले, आणि चिटणीस लिहून मान वर करेपर्यंत होडी निम्म्या पाण्यात पोचली होती.